हातातली पाटी : मुलांच्या शिक्षणासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग



गेल्या उन्हाळ्यात इस्रायलहून आलेल्या एका भगिनीने मला विचारले, "बाई, तुम्ही इतकी वर्षे शाळेत शिकवले. नातवाच्या हातातला मोबाईल कसा सोडवावा, ते एकदा सांगा." हाच प्रश्न मला अश्दोद, लोद, दिमोना येथील मंडळीही टेलिफोनवरून विचारतात. मी त्यांना म्हटले, मोबाईल सुटेल तेव्हा सुटेल. पण तो हातात असताना मूल काय करते, हा प्रश्न अगोदर विचारला पाहिजे. आपल्या लहानपणी हातात पाटी असे. त्याच पाटीवर आपण उजळणी लिहीत होतो आणि त्याच पाटीवर शेजारच्या मुलाचे चित्र काढून मारही खात होतो. त्यात पाटीचा दोष नव्हता.

ह्या लेखात मी समाजमाध्यमांचा, विशेषतः व्हॉट्सअ‍ॅपचा, मुलांना शिकवण्यासाठी कसा उपयोग करता येईल ते सांगणार आहे. विषय मला घरातूनच सुचला. वाखनिंगनला मी मुलीकडे राहते. माझी नातवंडे शाळेत डच बोलतात, वडिलांशी हिब्रू बोलतात आणि मराठी फक्त माझ्याशी बोलतात. म्हणजे ह्या घरातली मराठी एका म्हाताऱ्या माणसाच्या श्वासावर टिकून आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हीच स्थिती असेल. सबब हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही.

१. साधन नवे, रीत जुनी

आपल्या समाजाने नवीन साधनांना कधी घाबरून दार लावले नाही. १८३२ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापले. त्यांचा हेतू मिशनरी होता. पण आपल्या वाडवडिलांनी त्यांच्याकडून विद्या घेतली आणि धर्म आपला ठेवला. १८४६ साली पेसाखची हागादा मराठी अर्थासह शिळाप्रेसवर छापून निघाली. १८८० च्या सुमारास आपल्या मंडळींनी शेजाऱ्यांचे कीर्तन पाहिले आणि त्याच चालीवर योसेफ, मोशे, दावीद यांच्या कथा मराठीत सांगावयास आरंभ केला. छापखाना आपला नव्हता, कीर्तनही आपले नव्हते. पण शिकवण आपली होती. साधन शेजाऱ्याचे आणि धडा आपला, ही आपली जुनी रीत आहे.

त्याही अगोदरची गोष्ट म्हणजे दावीद रहाबी यांची. परंपरा अशी सांगते की ते कोकणात आले तेव्हा आपले लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. रहाबींनी लगेच शिकवावयास सुरुवात केली नाही. त्यांनी प्रथम बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधावयास सांगितले. बायकांनी पर व खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. तेव्हा त्यांची खात्री पटली की हे लोक आपलेच. मग त्यांनी झिराड, राजपूर व शापूर येथील तीन घराण्यांतील माणसे निवडून त्यांना शिकवले, आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवले. त्यांनाच आपण काजी म्हणू लागलो.

शिक्षक म्हणून मला ह्या कथेत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, विद्यार्थ्याला आधीच काय येते ते पाहा. दुसरी, सर्वांना एकदम शिकवू नका. थोड्यांना असे शिकवा की ते दुसऱ्यांना शिकवतील. व्हॉट्सअ‍ॅपवर शिकवतानाही ह्याच दोन गोष्टी कामाला येतात.

२. परितेवाडीचा धडा

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत पडकी होती आणि तिच्या एका बाजूला गुरांचा गोठा होता. मुलांच्या घरची भाषा कन्नड असल्यामुळे पुस्तकातील पाठ त्यांना कळत नव्हते. डिसले गुरुजींनी स्वतः कन्नड शिकून घेतले आणि पहिली ते चौथीच्या पुस्तकांची मांडणी मुलांना समजेल अशी केली. नंतर त्यांनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी ठसा, छापला. मोबाईल त्या ठशासमोर धरला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते, अगर गृहपाठ मिळतो. ही कल्पना महाराष्ट्र शासनाला पटली आणि २०१७ साली सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे ठसे घालण्याचे जाहीर झाले.

३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. रक्कम दहा लाख डॉलर होती. त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

आपल्याला जवळची वाटेल अशी त्यांची आणखी एक योजना आहे. सीमा ओलांडू या, अशा अर्थाचे तिचे इंग्रजी नाव आहे. तीत भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन, इराण व इराक अशा भांडणाऱ्या देशांतील मुलांच्या जोड्या लावून त्यांना सहा आठवडे एकमेकांशी बोलावयास लावतात.

लक्षात घ्या, परितेवाडीत आधी मोबाईल आला नाही. आधी शिक्षक मुलांची भाषा शिकला. मोबाईलचा ठसा मागाहून आला. आपण बहुतेक जण उलटे करतो. मुलाच्या हाती यंत्र देतो आणि मग त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे ह्याचा विचार करतो.

३. हॉलंडातील शाळा काय करतात

नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात मोबाईलला मनाई झाली, आणि त्याच वर्षीच्या नव्या शैक्षणिक वर्षापासून प्राथमिक शाळांतही झाली. ही मनाई कायदा करून नव्हे, तर शाळा, पालक, शिक्षक व सरकार यांच्यातील कराराने झाली. तीत सवलती आहेत. पाठासाठीच यंत्र लागत असेल, आजारपणामुळे लागत असेल, किंवा मुलाला ऐकण्यासाठी मदत लागत असेल तर ते चालते. २०२५ साली सरकारने पाहणी करविली तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश माध्यमिक शाळांनी मुलांचे लक्ष अधिक लागते असे सांगितले. त्याच वर्षी सरकारने पालकांना असाही सल्ला दिला की मुलांना समाजमाध्यमे १५ वर्षांच्या आत देऊ नयेत.

आता ह्याच देशात, ह्याच गावात, दुसरी बाजू पाहा. वाखनिंगन हे नेदर राइन नदीच्या काठचे लहान शहर. येथे १८७६ साली सरकारी शेतकी शाळा निघाली व १९१८ साली ती उच्च शिक्षणाची संस्था झाली. आज तेच विद्यापीठ शेती, अन्न व पोषण ह्या विषयांचे अभ्यासक्रम इंटरनेटवर ठेवते आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील माणूस ते शिकू शकतो. अशा अभ्यासक्रमाची घडण पाहण्यासारखी असते. शिक्षक थोडी मिनिटे बोलतो. लगेच एक प्रश्न येतो. उत्तर चुकले तर का चुकले ते कळते. आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांना विचारण्यासाठी जागा ठेवलेली असते.

एकीकडे मनाई आणि एकीकडे मोकळे दार, ह्यात विरोध नाही. वर्गात शिक्षक समोर उभा असताना मोबाईल लक्ष चोरतो, म्हणून तो बाहेर. जेथे शिक्षक व विद्यार्थी हजारो मैल दूर आहेत, तेथे तोच मोबाईल दोघांना जवळ आणतो, म्हणून तो आत. नातू आपल्या शेजारी बसला असेल तर त्याला मोबाईलवर मराठी शिकवू नका. त्याच्याशी बोला, त्याला पोळी लाटावयास बसवा. पण आजी वाखनिंगनला आणि नातू बेर-शेव्याला असेल, तर मोबाईल हीच आपली ओटी आणि तोच आपला वर्ग.

४. माझ्या दोन चुका

मी शिक्षिका असूनही सुरुवातीला चुकले, ते सांगते म्हणजे तुम्ही चुकणार नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी आपल्या कुटुंबांतील अकरा मुलांचा एक गट काढला. रोज सकाळी मी सुविचार पाठवी, बाराखडीचे चित्र पाठवी, कोणी धाडलेली चित्रफीत पुढे ढकली. मला वाटे, आपण खूप शिकवतो आहोत. महिन्याभराने माझ्या नातीने प्रामाणिकपणे सांगितले, "आजी, तुझ्या गटाचा आवाज आम्ही सगळ्यांनी बंद करून ठेवला आहे." मला वाईट वाटले, पण मुलीचे खरे होते. मी शिक्षक नव्हते, लाउडस्पीकर झाले होते. मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसरी चूक मोठी आहे. ठाण्याला माझी एक आत्या होती. वय नव्वदीच्या घरात, पण आवाज खणखणीत. मी तिला मोबाईलवर आवाजाचा संदेश पाठवावयास शिकवले. तिने मला चौदा संदेश पाठवले. मलिदा कसा करावा, पोहे किती वेळ भिजवावे, एलियाहू हन्नाबीच्या नवसाला तिच्या सासूकडे काय पद्धत होती, तिच्या आईची एक अंगाई, असे सर्व त्यांत होते. मी ठरवले की मुलांना ते एकेक करून द्यावे, म्हणजे गोडी राहील. दोन दिले. तेवढ्यात आत्या वारली. पुढे काही आठवड्यांत माझा मोबाईल बिघडला आणि मी कशाचीही दुसरी प्रत ठेवली नव्हती. ठाण्याला विचारले, तर घरच्यांनी तिचा मोबाईल पुसून दुसऱ्याला दिला होता.

चौदांपैकी आज दोन संदेश आहेत. जे मी मुलांना दिले होते तेवढेच. जे पेटीत जपून ठेवले ते गेले आणि जे वाटले ते राहिले. अंगाई गेली. तिचे शब्द मला अर्धेच आठवतात.

५. गट कसा चालवावा

ह्यानंतर मी गट पुन्हा नव्याने सुरू केला. अनुभवाने ठरलेले नियम खाली देत आहे.

(१) गट लहान ठेवा. आठ ते बारा मुले पुरेत. त्यांतील थोराड दोघा-तिघांना मदतनीस करा व लहानांची उत्तरे तपासण्याचे काम त्यांना द्या. रहाबींनी तिघेच निवडले होते.

(२) सांगू नका, विचारा. आठवड्यातून दोनच प्रश्न पुरेत. उत्तर लगेच सांगू नका. २००६ साली रोडिगर व कार्पिकी ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एकच उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून बाजूला ठेवला व आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणाऱ्यांना अधिक आठवत होते. पण आठवड्याने पाहिले तेव्हा लिहून काढणारेच पुढे होते. म्हणून सोमवारी सांगितलेले गुरुवारी विचारा. चित्रफीत पुन्हा पाठवू नका.

(३) लिहिण्यापेक्षा बोलावयास लावा. आपल्या मुलांना देवनागरी लिहिणे जड जाते, पण आवाजाचा संदेश पाठवणे सोपे जाते. चूक झाली तर सर्वांदेखत दुरुस्त करू नका. आपण तेच वाक्य बरोबर बोलून पाठवा. मूल आपोआप पकडते. अक्षरओळख नंतर, आणि तीही कागदावर. मुलाने वहीत लिहावे व वहीचे छायाचित्र पाठवावे.

(४) वयाचा विचार करा. युरोपात व्हॉट्सअ‍ॅपसाठी पूर्वी १६ वर्षांची अट होती. एप्रिल २०२४ पासून ती १३ वर्षे आहे. त्याहून लहान मुलांनी आईबापांच्या मोबाईलवरून, आईबाप जवळ असताना भाग घ्यावा. माझ्या मते हे चांगलेच आहे, कारण आईच्या कानावरही मराठी पडते.

(५) मुलांची छायाचित्रे आईबापांच्या परवानगीशिवाय कोठेही देऊ नका. येथील शाळाही दरवर्षी लेखी परवानगी घेतात. आपलेच नातवंड असले तरी विचारावे.

(६) शब्बाथला गट बंद. फक्त गटचालकानेच संदेश पाठवावा अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी मी ती लावते आणि शनिवारी रात्री काढते. मुलांना ह्यातून शब्बाथचा एक धडा न बोलता मिळतो.

(७) लाशोन हारा टाळा. तोरा आपल्याला लोकांत चुगल्या करीत फिरू नये असे सांगते. पूर्वी चुगली करावयास चार घरे चालत जावे लागे. आता एक बोट पुरते. ज्या बातमीचा उगम ठाऊक नाही ती पुढे पाठवू नये, हे मुलांना सांगण्यापूर्वी आपण मोठ्यांनी पाळावे. माझ्या पाहण्यात तरी मुलांपेक्षा आजी-आजोबाच अधिक चुकतात.

(८) प्रत ठेवा. दर महिन्याच्या रोश होदेशला मी गटातील सर्व आवाज मुलीच्या संगणकावर व एका वेगळ्या साठवण-कांडीवर उतरवून घेते. प्रत्येकावर बोलणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लिहिते.

६. नमुन्याचा पाठ : आपल्या सणांची जुनी नावे

पुष्कळ भगिनी विचारतात, की प्रश्न कोणता विचारावा? एक नमुना देते.

आपल्या पूर्वजांनी सणांना मराठी नावे दिली होती. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, पेसाख म्हणजे अनाशी ढाकाचा सण आणि तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा सण. इस्रायलमध्ये वाढलेल्या मुलांना हिब्रू नावे पाठ असतात, पण ही नावे त्यांनी ऐकलेलीही नसतात.

रविवारी मी एवढाच प्रश्न पाठवला : "बिरड्याचा सण कोणता? घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा आणि त्यांच्याच आवाजात उत्तर पाठवा." बुधवारपर्यंत सात उत्तरे आली. एका आजोबांनी वाल कसे भिजवावे, मोड कसे आणावे आणि साल कसे काढावे ते सांगितले. एका मावशीने सांगितले की त्या दिवसांत घरी मांस शिजत नसे, म्हणून बिरडे. एका आजीला काहीच आठवेना, आणि ती रडली. तेही मुलाने पाठवले आणि आम्ही तेही ठेवले. गुरुवारी मी विचारले, "बेथ हमिकदाशाच्या नाशाच्या दिवशी गोडधोड न करता साधे बिरडे का?" मुलांनी आपापसांत वाद घातला, हिब्रू-मराठी मिसळून. शुक्रवारी मी पाच वाक्यांत सारांश सांगितला. पुढच्या आठवड्यात अनाशी ढाक : आंबट रसाची बरणी, म्हणजे अनस, पेसाखसाठी झाकून ठेवत, म्हणून हे नाव. तिसऱ्या आठवड्यात दारफळणी, म्हणजे दार लावून घेण्याचा दिवस.

ह्यात मराठी शब्द आले, धर्म आला, स्वयंपाक आला. आणि मुख्य म्हणजे मुलाला मोठ्या माणसाजवळ जाऊन बसावे लागले. शिकवणारी मी नव्हते. शिकवणारे ते आजोबा होते. मोबाईलने फक्त त्यांचे बोलणे सात घरी पोहोचवले.

समारोप

१९२३ साली रब्बी मेईर शपिरो यांनी व्हिएन्ना येथे एक योजना मांडली. जगातील सर्व यहुदी लोकांनी तालमूदचे रोज एकच पान वाचावे, म्हणजे प्रवासी कोठेही गेला तरी त्याला तेच पान उघडलेले सापडेल. तिला दाफ योमी म्हणतात. पाने २७११, आणि एक फेरी पुरी व्हावयास सुमारे साडेसात वर्षे लागतात. चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. योजना निघाली तेव्हा मोबाईल नव्हता, पण कल्पना तीच होती : माणसे दूर असली तरी धडा एक असावा.

आपला समाज लहान आहे आणि दूरदूर पसरलेला आहे. कोकणातील ओटी आता नाही. पण अश्दोदचे आजोबा, ठाण्याची मावशी आणि वाखनिंगनची नात एकाच आठवड्यात एकाच प्रश्नावर बोलू शकतात. त्यास फार पैसा लागत नाही. लागते ती एका माणसाची चिकाटी.

ह्या अंकाच्या वाचकांना माझी एकच विनंती आहे. हा लेख वाचून झाल्यावर, आपल्या घरात अगर नात्यात जे सर्वांत वृद्ध माणूस असेल, त्यांना आजच टेलिफोन करा. एक प्रश्न विचारा, त्यांचे उत्तर त्यांच्याच आवाजात घ्या, आणि त्याच दिवशी किमान दोन मुलांना पाठवा. जपून ठेवीन, मग देईन, असे म्हणू नका. मी म्हटले होते.

असो. एलियाहू हन्नाबी आपणां सर्वांच्या मुलाबाळांचे रक्षण करो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वाखनिंगन, नेदरलँड्स